मराठीतून मराठीत

३ फेब्रुवारी

नवी मालिका आजपासून. आठ भागांची. युरोपातली, दोन शेजारी देशांनी मिळून काढलेली. एका मोठ्या सरोवराच्या मधून सीमा जाते आणि पहिल्याच दृश्यात कोळ्याच्या जाळ्यात एका मुलीचं प्रेत येतं. ती कुठल्या बाजूला मेली हे पाण्याला विचारता येत नाही, म्हणून दोन्ही काठांचे पोलीस हजर. उत्तर काठाची तपास अधिकारी बाई, दक्षिण काठाचा पुरुष. बाईला आवाज माझा. पुरुषाला खर्जाचा. त्याचं खरं नाव स्टुडिओत कुणी घेत नाही. बोलला की टेबलावरचा पेला थरथरतो, म्हणून खर्ज.

माझी बाई मोठी बडबडी आहे. प्रेताशेजारी उभी राहून सँडविच खाते, स्वतःच्याच बोलण्यावर खो-खो हसते. डबिंगचा दिग्दर्शक, ज्याला आम्ही कप्तान म्हणतो, त्याने मला फोनवरच सांगितलं होतं, "बाई, मला तुमचं हसू पाहिजे. बाकी ओठ तुम्ही जुळवालच."

पहिल्या भागात ती चार वेळा हसते. ते करता करता जेवणाची वेळ झाली. शेवटी कप्तान म्हणाला, "चालेल." चालेल म्हणजे काय ते मला माहीत आहे.

आणखी एक भानगड आहे. मूळ मालिकेत दोन काठांच्या दोन भाषा. दोघा पोलिसांना एकमेकांचं ओ की ठो कळत नाही, म्हणून मध्ये एक दुभाषी बाई आहे, चष्मेवाली, नीटनेटकी. आमच्याकडे सगळेच मराठी. मी म्हणाले, "प्रेत कुणी पाहिलं?" दुभाषी खर्जाकडे वळून म्हणाली, "प्रेत कुणी पाहिलं?" खर्ज म्हणाला, "कोळ्याने." ती माझ्याकडे वळून, "कोळ्याने." काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट हसून हसून खुर्चीतून घसरला. खर्जाने हेडफोन काढून डोळे पुसले.

हे विनोदी आहे हे मलाही कळलं.

कप्तानने तिथल्या तिथे तोड काढली. दुभाषीला मदतनीस करून टाकलं. संवाद लिहिणाऱ्याला तिच्या बाकीच्या ओळी गाळायला सांगितल्या; आता ती "नोंदवून घेतलं" आणि "बरोबर आहे" एवढंच म्हणते. चॅनल एका वेळी एकच भाग पाठवतं, पुढे काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही.

५ फेब्रुवारी

ह्याचा फिजिओ झाला. काठी घेऊन दारापासून बाल्कनीपर्यंत गेला, परत आला, परत गेला.

सत्तावीस वर्षं संसार केला तरी लिहिताना नवऱ्याला मी 'हा'च लिहिते. आता नाव लिहिलं तर दुसऱ्याच कुणाबद्दल लिहितेय असं वाटेल.

सप्टेंबरात दुकानात एका मुलीच्या डोळ्यांचा नंबर काढत होता. "खालची ओळ वाच" म्हणायच्या जागी भलतंच काहीतरी बोलला, मुलगी हसली, आणि हा स्टुलावरून खाली आला. अर्धांगाचा झटका. उजवा हात गेला आणि शब्द गेले. एवढे शब्द होते ह्याच्याकडे. गिऱ्हाईक फ्रेम घेऊन जायला उठलं तरी ह्याचं बोलणं संपायचं नाही. त्यातले दोन उरले: "तेच ते." भूक लागली, तेच ते. उकडतंय, तेच ते. मला बघून, तेच ते.

वाचा-उपचाराची बाई म्हणते की आपलं बोलणंही ह्याला अर्धंमुर्धंच पोचतं. मावशी, ज्या मी स्टुडिओत असताना ह्याच्याजवळ बसतात, त्यांचा यावर उपाय म्हणजे ओरडणं. "दादा! पाणी! पाणी पिता का! पाणी!" जिन्यातल्या लोकांनासुद्धा तहान लागत असेल.

नणंदेचा फोन आला. ताई म्हणाल्या, त्यांच्या गावाजवळ एक निवासी केंद्र आहे, नर्स आहेत, बाग आहे, व्यायामाची वेगळी खोली आहे. "तू दिवसभर बाहेर. आम्ही तिघं भावंडं होतो, आता हा एकच राहिलाय. माझ्या डोळ्यांसमोर राहील." मार्चच्या सुरुवातीला एक खोली रिकामी होतेय.

मी "बरं" म्हणाले.

फोन ठेवल्यावर बघितलं, दूध उतू गेलं होतं. ओटा पुसला.

८ फेब्रुवारी

दुसरा भाग. कप्तान काचेपलीकडून म्हणाला, "बाई, ओठ जुळले. बाई जुळली नाही."

परत केलं.

"आता बाई थोडी जवळ आली. पण ती खूश आहे हो. तिला खून झाल्याचा आनंद नाही, पण काम मिळाल्याचा आहे. तो आणा."

परत केलं. खर्जाने माझ्यासाठी गरम पाणी आणलं. "घसा नाही," मी म्हणाले. "माहीत आहे," तो म्हणाला आणि पाणी ठेवून गेला.

९ फेब्रुवारी

रविवार. तिसऱ्या भागाची तयारी म्हणून मूळ भाग लॅपटॉपवर लावला, जेवणाच्या टेबलावर. मूळ आवाजात, म्हणजे त्यांच्या दोन्ही भाषांत. मला त्यातलं एक अक्षर कळत नाही, पण श्वास कुठे घेतात, कुठे अडखळतात ते पाहून ठेवावं लागतं. शेजारी आपल्या संवादांचे कागद असतात. आज ते स्टुडिओतच विसरले होते.

हा काठी टेकत आला आणि शेजारची खुर्ची ओढून बसला. मला नवल वाटलं. सप्टेंबरापासून हा टीव्हीसमोर बसत नाही. बातम्या लागल्या की उठून आत जातो, मालिका लागल्या की उठून जातो, माझे जुने डब केलेले सिनेमे लागले तरी जातो. आज पूर्ण भाग बसला. मध्ये एकदा दोन्ही पोलीस एकदम मोठमोठ्याने बोलायला लागले तेव्हा ह्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. मी खांदे उडवले, "मला काय कळतंय!" तर हा हसला. आवाज करून हसला.

निसर्ग आवडला असणार. ते सरोवर, ते डोंगर, ती पांढरी बोट. हा डोंगरांचा वेडा होता. पुढच्या वेळी एखादी डोंगरांची फिल्म लावून बघते.

११ फेब्रुवारी

डोंगरांची फिल्म लावली. निवेदक मराठी, आवाज छान, शब्द स्पष्ट. हा पाच मिनिटांत उठून आत गेला.

कळत नाही.

१३ फेब्रुवारी

संध्याकाळी चौथा भाग टेबलावर. हा आधीच येऊन बसला होता, लॅपटॉपचं झाकण डाव्या हाताने उघडून.

भाग चांगला आहे. मेलेल्या मुलीच्या बापाला बातमी द्यायला दोघं पोलीस जातात. बाप दक्षिण काठाचा, म्हणून दुभाषी बाई बरोबर. बाप बटाटे सोलतोय. खर्जाचा माणूस बातमी सांगतो. बाप सोलत राहतो. टोपलीतले सगळे बटाटे संपेपर्यंत तो सोलतो आणि तिघं उभी राहतात. संगीत नाही, काही नाही.

तेवढ्यात ह्याने पडद्यावर बोट ठेवलं. दुभाषी बाईच्या चेहऱ्यावर, डोळ्यांजवळ. "तेच ते." मी म्हटलं, "हो रे, छान फ्रेम आहे." मान हलवली जोरात. परत बोट. "तेच ते, तेच ते!" मी म्हटलं, "आपल्या दुकानात अशीच होती ना, तपकिरी? शोकेसमध्ये वरच्या फळीवर?" तर टेबलावर थाप मारली. पेला उलटला, कागद भिजले.

दुकानाची आठवण काढायला नको होती. शटर पाच महिने बंद आहे. मी कागद पंख्याखाली वाळत घातले आणि बाकीचा भाग दुसऱ्या दिवसावर टाकला.

१४ फेब्रुवारी

बटाट्यांचं दृश्य डब केलं. माझ्या बाईला त्यात एकही वाक्य नाही, फक्त श्वास. ते सबंध दृश्यभर घ्यायचे होते. पहिल्याच टेकला झालं. कप्तान हेडफोन काढून म्हणाला, "बाई, असं काम आमच्याकडे पूर्वी कुणी केलेलं नाही."

मी काहीच केलं नव्हतं. माइकसमोर उभी होते, एवढंच.

१६ फेब्रुवारी

ताई आल्या, पहाटेची गाडी पकडून. भावासाठी स्वतः विणलेलं स्वेटर. ह्याचं डोकं छातीशी धरून उभ्या राहिल्या. आईबाप लवकर गेले तेव्हा ताईंनीच ह्याला लहानाचा मोठा केला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि तुझा आवाज काय झालाय? फोनवर ओळखूच येत नाही. तूही माणूसच आहेस ना गं?"

जेवताना त्यांनी ह्याला सगळं समजावून सांगितलं. केंद्र, बाग, नर्स. "दर रविवारी मी येईन, ही महिन्यातून एकदा येईल." खूप भरभर बोलल्या, डोळ्यांत पाणी होतं. मग विचारलं, "येशील ना रे माझ्याकडे?"

"तेच ते," हा म्हणाला.

ताई माझ्याकडे वळल्या. "काय म्हणतोय?"

"हो म्हणतोय," मी म्हणाले.

ताईंनी हुश्श केलं. मलाही बरं वाटलं की विषय संपला. हा आमटीकडे बघत होता. मी त्याच्या वाटीत अजून वाढली.

दोन मार्चला गाडी येईल.

१८ फेब्रुवारी

कप्तानने नवीन काम दिलं. चॅनलला मालिकेचा दुसरा हंगाम घ्यायचा की नाही ठरवायचंय. "बलस्थानं आणि उणिवा. पानभर लिहून द्या. एकेक चौकट तुम्ही पाहिलीय. आम्ही फक्त वेळ पाहतो."

मी बरं म्हणाले. हल्ली मी सगळ्यांनाच बरं म्हणते.

२० फेब्रुवारी

टिपणाचा कच्चा मजकूर इथेच लिहिते, मग पक्का करीन.

मालिकेचा जोर तिच्या सावकाशीत आहे. इथे पोलीस फायली शोधतात, थांबतात, चुकीच्या माणसाच्या दारात जातात आणि माफी मागून परत येतात. खुनाचा तपास म्हणजे मुख्यतः वाट बघणं, हे पहिल्यांदा पडद्यावर दिसलं. दोन देशांच्या कारभारातला फरक न सांगता दाखवलाय: एकीकडे तीन सह्या लागतात, दुसरीकडे एक फोन. आणि दोघा पोलिसांची मैत्री. पहिल्या भागात एकमेकांना पाण्यात बघणारी माणसं पाचव्या भागात नुसत्या भुवयांवर बोलायला लागतात. मूळ आवाजात हे फार सुंदर आहे. आमच्या आवाजात दिसत नाही, कारण आमच्याकडे ती पहिल्यापासून अस्खलित मराठीत गप्पा मारतायत.

उणिवा. एवढे श्रीमंत देश, पण पोलीस ठाण्यात दिवा लावायला कुणी तयार नाही. सगळे अंधारात टॉर्च घेऊन कागद वाचतात. प्रत्येक पोलिसाचं लग्न मोडलेलं. ओसाड गोदामात जायचं तर एकट्यानेच जायचं, असा बहुधा तिकडचा कायदा असावा. योगायोग फार: सहाव्या भागात फोन नेमका तेव्हाच वाजतो, बोट नेमकी तेव्हाच सुटते. आणि सगळ्यात मोठी उणीव ती मुलगी. माझ्या बाईला कसली कॉफी लागते, खर्जाच्या माणसाचा गुडघा कधी दुखतो, हे सगळं आपल्याला कळतं. मेलेली मुलगी कशाला हसायची ते कुणीच विचारत नाही. तिच्याबद्दल सगळे बोलतात. ती फक्त पाण्यात असते.

हा पूर्वी मालिका बघू द्यायचा नाही. पाचव्या मिनिटाला खुनी सांगून मोकळा. "त्याचे डोळे बघ ना. दिवसभर लोकांचे डोळेच तर बघतो मी." मी उशी फेकून मारायचे. बहुतेक वेळा बरोबरच असायचा, तोच तर राग.

हे टिपणात घालायचं नाही.

२४ फेब्रुवारी

सातवा भाग आला. सकाळी सगळ्यांनी मिळून एकदा बघितला, संवादांचे कागद हातात धरून.

गुन्हेगार दुभाषी निघाली.

खून तिने केलेला नाही, केला तो तिच्या भावाने. पण पहिल्या भागापासून ती दोन्ही बाजूंचं बोलणं जरा जरा फिरवत होती. खर्जाचा माणूस बाहेर गेला असताना मुलीचा बाप म्हणाला होता, "शुक्रवारी ती घरी आली होती." हिने सांगितलं, "आली नव्हती." असल्या एवढ्याएवढ्याशा बदलांनी सहा भाग सगळे भलत्या वाटेने गेले.

आणि आमच्या मालिकेत ती सहा भाग "नोंदवून घेतलं" म्हणतेय.

कप्तानने दोन्ही हातांनी डोकं धरलं. रेकॉर्डिस्ट म्हणाला, "सर, आपल्याकडे ती निर्दोष आहे. उगाच अटक होणार बिचारीला." कुणी हसलं नाही.

मग खर्ज बोलला. म्हणाला, दुभाषी जिथे जिथे आहे तिथे दक्षिण काठाच्या माणसांचा मूळ आवाजच ठेवा, खाली मराठी ओळी द्या. माझी बाई मराठीत बोलेल, समोरचे त्यांच्या भाषेत, दुभाषी दोन्हींत. "म्हणजे प्रेक्षकाला कळेल की मध्ये काहीतरी आहे."

"आणि तुझं काम?" कप्तान म्हणाला. "अर्धा रोल जातोय तुझा."

"जाऊ दे. स्वतःचंच तोंड बंद करायचं सुचवणारा मी पहिलाच," खर्ज म्हणाला.

कप्तान चॅनलशी बोलायला बाहेर गेला. मी तशीच बसून राहिले. पडद्यावर चौकट थांबवलेली होती, दुभाषीचा चेहरा, मोठा. तपकिरी फ्रेम. त्यामागे डोळे.

फ्रेम नव्हता दाखवत तो.

घरी आले तेव्हा हा खिडकीशी बसला होता. मी पिशवी न ठेवताच सांगितलं, "ती दुभाषी. तीच होती. तू दाखवलंस ते बरोबर होतं. मला कळलं नाही." एकदा सांगितलं, मग हळू सांगितलं, मग लॅपटॉप उघडून तिच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि मान हलवली. हो.

ह्याने माझ्याकडे इतका वेळ बघितलं की मीच नजर वळवली. मग त्याने माझं बोट धरून पडद्यावरून बाजूला केलं, खेळ पुढे चालू केला, आणि आम्ही उरलेला भाग पाहिला. दोघांनाही काही कळत नव्हतं. मी संवादांचे कागद पिशवीतून काढलेच नाहीत.

तेव्हा लक्षात आलं की डोंगरांचा काही संबंध नव्हता.

मग ताई आल्या तो रविवार आठवला. आमटीची वाटी.

२६ फेब्रुवारी

ताईंना फोन केला. त्या दिवशीच्या 'हो'बद्दल सांगायचं होतं. ताई म्हणाल्या, "खोलीला नवीन पडदे लावलेत, पिवळे. त्याला पिवळा आवडतो ना?" मी म्हणाले, "हो." मग त्या पडद्यांबद्दलच बोलत राहिल्या, खुशीत. मी बरं म्हणाले आणि ठेवला.

दुभाषीच्या जबाबाचं दृश्य आज झालं. तिला आवाज देणारी मुलगी छान करते. माझी बाई विचारते, "का केलंत?" दुभाषी म्हणते, "मी खोटं नाही बोलले. मी सोपं केलं. सगळेच दमले होते."

हे वाक्य कच्चं आहे, एवढ्यावर कुणी सहा भाग फिरवत नाही, असं टिपणात उणीव म्हणून लिहिणार होते. लिहिलं नाही. टिपण देऊन टाकलं. शेवटी एक ओळ घातली की दुसरा हंगाम घ्यावा, पण दोन भाषा दोनच ठेवाव्यात.

चॅनलने खर्जाची तोड मान्य केली. पुढचे दोन आठवडे पुन्हा पहिल्यापासून.

१ मार्च

काही लिहायला नाही. मावशी म्हणाल्या की दादा उद्यापासून नाहीत म्हणून त्यांनी दुसरीकडे काम धरलंय. मी बरं म्हणाले.

२ मार्च

ताई दहाला आल्या. बरोबर गाडी, ड्रायव्हर आणि केंद्राच्या व्यवस्थापक बाई. ताईंनी आत जाऊन कपाट उघडलं आणि बॅग भरायला घेतली, नीट, घड्या घालून, शाळेच्या सहलीला पाठवतात तशी. मी स्वयंपाकघरात चहा टाकला. मग गॅस बंद केला.

बाहेर आले तेव्हा व्यवस्थापक बाई खुर्ची ओढून ह्याच्या समोर बसल्या होत्या. चांगल्या होत्या, ओरडल्या नाहीत. "काका, आम्ही कुणाला त्यांच्या मनाविरुद्ध नेत नाही, म्हणून विचारते. आमच्याकडे राहायला याल?"

"तेच ते," हा म्हणाला.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ताईही बॅग घेऊन दारात आल्या होत्या. "काय म्हणतायत?"

उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. ओठांची हालचालसुद्धा झाली असेल.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

"माहीत नाही म्हणजे?" ताई म्हणाल्या. "त्या दिवशी जेवताना तूच तर सांगितलंस."

"तेव्हाही माहीत नव्हतं, ताई. मला सोपं पडत होतं म्हणून सांगितलं."

ताई माझ्याकडे बघतच राहिल्या. व्यवस्थापक बाईंनी पेनाचं टोपण लावलं. मी ताईंच्या हातातली बॅग घेतली, ह्याच्या पायांशी ठेवली आणि स्वतः जमिनीवर बसले.

"ही तुझी बॅग," मी म्हणाले आणि बॅगेवर हात ठेवला. त्याने बॅगेकडे बघितलं.

"ताईंच्या गावाला." ताईंकडे बोट. त्याने ताईंकडे बघितलं.

"तिकडे?" मी दार दाखवलं. "की इथे?" जमिनीवर हात ठेवला.

मग गप्प बसले. गप्प बसणं फार जड गेलं. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. ताईंनी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं.

हा उठला. काठी घेतली नाही, खुर्चीचा हात धरून उठला आणि धपकन खाली बसला, माझ्यासमोर, बॅगेपाशी. मी धरायला गेले नाही. त्याने चेन ओढली, ती उलट्या बाजूला गेली. परत ओढली. ताई पुढे झाल्या, "थांब, मी देते उघडून," तर त्याने डाव्या हाताने त्यांचा हात बाजूला केला. रागाने नाही. चेन उघडली. आधी स्वेटर काढलं, ते मांडीवर ठेवलं. मग सदरे, एकेक. घड्या मोडत होत्या. दाढीचं सामान. मोजे, एकात एक गुंडाळलेले, ते घरंगळत सोफ्याखाली गेले. सगळं निघाल्यावर बॅग उलटी करून झटकली आणि व्यवस्थापक बाईंच्या पायांशी सरकवली.

त्या म्हणाल्या, "कळलं, काका."

ताई रडायला लागल्या. "अरे, मी काय तुला टाकायला नेत होते का रे?" हा जमिनीवरून हात वर करून त्यांचा हात शोधत होता. मिळाला तेव्हा त्यांना खाली ओढून बसवलं आणि स्वेटर त्यांच्या हातात दिलं. त्यांना वाटलं परत करतोय, म्हणून आणखीच रडल्या. मी काही बोलले नाही. त्याने डोकं पुढे केलं, तेव्हा त्यांना कळलं की घालून दे म्हणतोय. उजवा हात बाहीत घालायला त्यांना बराच वेळ लागला.

गाडी रिकामी गेली. ताई जेवून संध्याकाळच्या गाडीने जातील, आता आत पडल्यात. मघाशी मला म्हणाल्या, "आणि तुझं कसं होणार?" मी म्हणाले, माहीत नाही. आज हे मी कितव्यांदा म्हणाले कोण जाणे, पण प्रत्येक वेळी खरंच माहीत नव्हतं.

दुपार झाली. हा स्वेटर घालूनच झोपलाय. उद्या नऊला स्टुडिओ आहे आणि मावशी येणार नाहीत. न्हाणीघरात घसरला तर मला एकटीला उचलता येणार नाही. रात्री दुसरा झटका आला तर मला कळणार कसं? त्याला हाक मारता येत नाही. हा अजून वीस वर्षं जगला तर? मी आधी गेले तर ह्याच्या वतीने कुणाला काय सांगता येणार? मघाशी किती शहाणपणा केला, आणि कशाच्या जोरावर? बोटं गार पडलीत, अक्षर वाकडं येतंय. सप्टेंबरात दवाखान्याच्या बाकावरसुद्धा असं झालं नव्हतं. तिथे मी अगदी शांत होते, सगळे म्हणत होते किती धीराची बाई.

मला भीती वाटतेय. चांगलीच वाटतेय. लिहिणं थांबवते आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जाऊन विचारते, सकाळचं यायला कुणी मिळेल का.